आंब्यात कोय धरेपर्यंत

परवा शाळेतून येताना गोलबाजारात पहिल्या कैऱ्या दिसल्या. हातगाडीवर ओल्या गोणपाटावर रचलेल्या, पोपटी, देठाशी चीक वाळलेला. गाडीवाली म्हणाली, "घेऊन जा मॅडम, चटणीले एक नंबर आहे." मी एक उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटून वास घेतला आणि होती तिथं ठेवून दिली.

"काऊन, आवडली नाई?"

"आवडली हो. पण आमचं अजून झालं नाई."

तिला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. सात वर्षांपूर्वी हेच चार शब्द माझ्या घरात, माझ्याच समोर कोणीतरी बोललं होतं आणि मलाही काही कळलं नव्हतं. बी.एड. झालेली, पोरांना मराठी शिकवणारी मी, मोठी शहाणी!

चंद्रपूरचा एप्रिल सांगून समजत नाही. सकाळच्या शाळेची पोरं साडेअकराला घरी जाताना भिंतीच्या सावलीनं एका ओळीत चालतात, तेवढीच शिस्त मी वर्षभर मागत असते. परीक्षेचे पेपर तपासताना मनगटाचा घाम उत्तरपत्रिकेवर उतरतो. कूलरच्या खसाचा ओला वास, वीज गेली की गल्लीतून उठणारा "अरे बाप्पा!" आणि संध्याकाळी टाकीचं पाणी अंगावर घेतलं तर तेही कढत. या सगळ्यात एक कैरीचा वास तेवढा थंड. तो आला की मला सगळ्यात आधी एक स्टीलचा पेला आठवतो आणि त्याभोवतीचे दोन सावळे, जाड बोटांचे हात.

मी वेळापत्रकाची बाई. लग्न झालं तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर स्वयंपाकघरात खिळा ठोकून कॅलेंडर टांगलं आणि दोन पेनं आणली. लाल पेन माझ्या माहेरचं, हिरवं सुधाकरच्या घरचं. माझं माहेर वरोऱ्याजवळ, कापूस-सोयाबीनचं गाव, काळी जमीन, विहिरीवर आंब्याचं एक जुनं झाड. सुधाकर गोंड, त्याचं गाव धानोऱ्याच्या पुढं, बस सोडली की जंगलातून दीड तास पायी. दोन्ही घरं सांभाळायची, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही, असा माझा हिशेब. दिवाळी लाल, होळी हिरवी. पोळा लाल, दसरा हिरवा. एका रविवारी माझ्याकडचं कोणीतरी जेवायला, पुढच्या रविवारी त्याच्याकडचं.

"बाकीचे सांग," मी म्हटलं.

"बाकीचे काय?"

"तुमचे सण. ते पंडुम का काय म्हणतोस ना. आंब्याचा पंडुम कोणत्या तारखेला?"

सुधाकर हसायला लागला. "तारीख नसते त्याले."

"बरं, तिथी सांग."

"तिथीबी नसते. आंब्यात कोय धरली की पंडुम."

"आणि कोय कधी धरते?"

"ते आंब्याले विचार."

"अरे, पण मी रजेच्या अर्जात काय लिहू? कारण: आंब्यात कोय धरली?"

"लिही ना. खरंच कारण आहे."

मी चिडले. एप्रिलच्या पानावर हिरव्या पेनानं 'पंडुम' असं लिहिलं आणि पुढं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. मला वाटलं, आपला पाडवा असतो तसा एक दिवस असणार. त्या दिवशी जायचं, नमस्कार करायचा, आंबा खायचा, परत यायचं. त्या दिवसाच्या आधीही काही असतं, हे मी विचारलंच नाही. आणि सुधाकरनं सांगितलं नाही, कारण त्यालाही ते उरलं नव्हतं. पाचवीपासून तो आश्रमशाळेत. तिथं मार्चपासून पोरं कैऱ्या पाडून तिखट-मीठ लावून खायची, हाही खायचा.

लग्नाचं पहिलं वर्ष तसं बरंच अवघड गेलं. आमच्या रजिस्टर लग्नाला बाबा आले नव्हते. "पोरगा नोकरीवाला आहे, ठीक आहे," एवढंच ते आईजवळ बोलले होते आणि ते 'ठीक आहे' कसं होतं ते मला माहीत होतं. माझ्या रविवारच्या जेवणाला आई यायची, भाऊ यायचा, मावशी येऊन गेली. त्याच्याकडून आत्याबाई यायच्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. आत्याबाई येताना मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल बाटलीत भरून आणायच्या, वाळलेली मोहफुलं आणायच्या, माझ्या ओट्याकडं पाहून हसायच्या आणि खाली बसून भाजी चिरायच्या. दोघांचे बाप मात्र कधी आले नाहीत. बाबा रागानं आणि मामाजी, मला वाटतं, बाबांच्या रागाला मान म्हणून.

मग त्या एप्रिलमध्ये, आईच्या सहा महिन्यांच्या भुणभुणीनंतर, बाबा हो म्हणाले. त्याच रविवारी मी मामाजी-आत्याबाईंनाही बोलावलं. सुधाकर म्हणाला, "एकदम दोघं?" मी म्हटलं, "एकदमच. एकदा काय ते होऊन जाऊ दे." शनिवारी पेपरांचा गठ्ठा पलंगाखाली ढकलला आणि कामाला लागले. पाटोडीचा रस्सा, भरली वांगी, भाताचे दोन प्रकार, ज्वारीच्या भाकरी. बाबा मामाजींबरोबर एका पंगतीत बसतील का? आत्याबाईंनी वाढलेलं खातील का? माझी सगळी भीती त्याच एका दारात उभी होती, दुसऱ्या दाराकडं मी पाहिलंच नाही.

अकराच्या सुमारास मामाजी-आत्याबाई आले. पहाटेपासून चालत, मग बस, मग ऑटो. मामाजी ठेंगणे, काटक, कमी बोलणारे. सोफ्यावर बसा म्हटलं तर हसले आणि भिंतीला टेकून फरशीवर बसले. ते गावचे भूमिया आहेत हे मला ठाऊक होतं. म्हणजे पुजारी, एवढाच माझा अर्थ. अर्ध्या तासानं आई-बाबा आले. बाबांच्या खांद्यावर धुतलेला दुपट्टा, आईच्या हातात पिशवी. पिशवीत विहिरीवरच्या झाडाच्या कैऱ्या! "तुह्या बाबानं सोताच्या हातानं तोडल्या," आई कानात म्हणाली. "म्हणे, इवायाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाई." व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. बाबांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता, तोही आईच्या मारफत. मला रडूच आलं. मी लगेच कुकर लावला, कैऱ्या उकडल्या, गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. फ्रिजमधला बर्फ पुरेना म्हणून सुधाकर गाडी काढून बर्फ आणायला गेला. तो यायच्या आधीच मी ट्रेमध्ये पेले भरले.

मामाजींनी पेला दोन्ही हातांनी घेतला. आत पाहिलं. वास घेतला.

"बाई, आंबा आहे काय यात?"

"हो मामाजी. कैरीचं पन्हं. बाबांच्या झाडाची."

त्यांनी पेला खाली ठेवला. आत्याबाईंनीही ठेवला.

बाबांचा पेला अर्धा झाला होता. ते थांबले. "काऊन जी, इवाई? पित काऊन नाई?"

"आमचं अजून झालं नाई," मामाजी म्हणाले.

"काय झालं नाई?"

मामाजी मराठी शब्द शोधत होते. घरात ते गोंडीच बोलतात. आत्याबाई पटकन काहीतरी गोंडीत म्हणाल्या, ते आम्हाला कोणालाच समजलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावरून मात्र मला सगळं समजलं. ज्या माणसाला प्रश्न होता की यांच्या घरचं आपण खावं की नाही, त्याच्या घरचं पाणी समोरच्यानं खाली ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना ते करून दाखवत होतं, असं त्यांना वाटलं. बाबा उठले. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

"चाल वं," ते आईला म्हणाले. "आपल्या हातचं चालत नाई इथी."

"बाबा, बसा ना. बाबा!" मी दारात आडवी झाले. बाबांनी एक पाय चपलेत घातलासुद्धा.

तेव्हा मामाजींनी पेला उचलला. एक थेंब फरशीवर सांडला, मुद्दाम, बोटानं. ओठातल्या ओठात काहीतरी बोलले. मग तो पेला तोंडाला लावला आणि खाली न घेता शेवटपर्यंत प्याले. गळ्याची घाटी वरखाली होताना मला दिसत होती.

"बसा इवाई," ते म्हणाले. "गोड आहे."

बाबा बसले. बाप्पा, मग काय ते जेवण झालं! बाबांनी पाटोडीचा रस्सा तीनदा घेतला, बैलांच्या गोष्टी काढल्या, मामाजींना जंगलातल्या वाघाबद्दल विचारलं. आत्याबाईंनी वाढलेला भात त्यांनी मुकाट्यानं खाल्ला आणि वर आणखी मागितला. मी हवेत होते. सुधाकर बर्फ घेऊन आला तेव्हा पंगत बसलीच होती. त्यानं बापासमोरचा रिकामा पेला पाहिला, आईकडं पाहिलं, आणि बर्फाची पिशवी हातात तशीच धरून उभा राहिला. पाणी ठिबकून फरशीवर थारोळं झालं तरी त्याला कळलं नाही. आत्याबाईंचा पेला तसाच भरलेला राहिला होता. तो मी नंतर बेसिनमध्ये ओतला, सहज.

सगळे गेल्यावर, भांडी घासताना, सुधाकरनं मला सांगितलं. गावाच्या वतीनं आंबा देवाला आणि गेलेल्या माणसांना दाखवायचा, त्यांनी घेतल्यावर मग आपण. तोवर गावात कोणी आंब्याला तोंड लावत नाही. आणि दाखवणारा माणूस म्हणजे मामाजी. त्यांच्या बापानं दाखवला, आज्यानं दाखवला. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः कधी आधी चाखला नव्हता. आता त्यांना या वर्षी आंबा वाहता येणार नव्हता.

"मग ते प्याले कशाला?" मी ओरडलेच. "नुसतं सांगायचं ना!"

"सांगेपर्यंत तुझे बाबा जिन्यात असते."

"आणि तू? तुला माहीत होतं ना रे?"

तो खूप वेळ पातेलं घासत राहिला. स्वच्छ झालं होतं तरी. "मीच इसरलो," तो म्हणाला. "माह्याच घरचं, आन् मीच इसरलो."

मला वाटलं होतं, कोणाला कळणार आहे? बंद घरात एक पेला पन्हं! मामाजींनी घरी पोचताच, पायावर पाणी घ्यायच्या आधी, गावाला बोलावून स्वतःच सांगितलं. गावानं दोन दिवस विचार केला. त्यांच्या चुलतभावानं आंबा वाहावा असं ठरलं, त्याला सगळं शिकवावं लागलं, मामाजींनीच शिकवलं. यात पंडुम आठ दिवस लांबला. मी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं आणि सुधाकरबरोबर निघाले.

त्या पायवाटेवर मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. मोहफुलं संपत आली होती, उरलेल्यांचा गोड, जड वास हवेत होता. तेंदूला कोवळी पानं. आणि आंबे! जंगलातली झाडं वाकलेली, हाताला लागतील असे घोस, वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या वाटेवर पसरलेल्या. एकीवरही दाताची खूण नव्हती. मी वरोऱ्याकडची. आमच्याकडं कैरी पोरांच्या दगडातून वाचली तर तिचं नशीब. इथं अख्खं गाव त्या झाडांखालून रोज जा-ये करत होतं, पाण्याला, सरपणाला, गुरांमागं, या उन्हात, आणि पायानं कैऱ्या बाजूला सारून पुढं जात होतं. आमच्यापुढं एक म्हातारी चालली होती. तिनं वाकून एक उचलली, नाकाशी धरली, "हं" केलं, आणि झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवून दिली. ना कोणी राखणदार, ना काही लिहिलेलं. मी तिथं उभीच राहिले. वीस मिनिटांच्या पेपरला तीन पर्यवेक्षक लावणारी मी! आणि हे सगळे जण आठ दिवस जास्त थांबले होते ते माझ्या एका पेल्यामुळं.

कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. बायांनी हात धरून नेलं, पाणी दिलं, "जोहार" म्हणाल्या. ते कसं सोसलं ते माझं मला माहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

चुलतभाऊ झाडाखाली आंबा चिरत होता. मामाजी तिथून वीसेक पावलं लांब, एका दगडावर बसले होते. मध्येच चुलतभाऊ अडला, त्यानं मान वळवून मामाजींकडं पाहिलं. मामाजींनी बसल्या जागेवरून हातानं खूण केली, आधी हे, मग ते. मग फोडी वाटल्या. म्हातारे, बाया, लेकरं, सगळ्यांनी एकदम तोंडात घातल्या आणि आंबटानं सगळ्यांचेच डोळे मिटले. माझ्याही हातावर फोड आली. मी ती घेऊन मामाजींजवळ जाऊन बसले.

"तुम्हाला?"

"नाई. या साली नाई."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगते? मीच."

"मामाजी, चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं बाई? तुम्ही तं पाणी देल्लं."

"मग तुम्ही प्यालात काऊन?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की इतकी साधी गोष्ट मला विचारावी लागावी याचं त्यांना नवल वाटावं. "इवाई उठून राह्यले होते ना," ते म्हणाले. "आंबा पुढच्या सालीबी येते. उठून गेलेला माणूस येते का नाई, कोणाले मालूम?"

मी ती फोड पदराच्या टोकाला बांधली. खाल्ली नाही.

मे महिन्यात लाल पेनाप्रमाणं मी वरोऱ्याला गेले. आईनं पहिल्याच दिवशी रस केला. मी वाटी सरकवली.

"काऊन? पोट बिघडलं का?" बाबा म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. पेला, चाळीस वर्षं, दगडावर बसलेले मामाजी, सगळं. बाबांच्या बोटांना रस लागलेला होता, तो वाळून गेला तरी ते ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, "आन् मी चपल घालून राह्यलो होतो." मग उठले, हात धुतले, आणि विहिरीकडं निघून गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. आई म्हणाली, झाडाखाली खाट टाकून पडले आहेत. माफी मागणं हे बाबांच्या स्वभावात नाही, आणि ती मागायला धानोऱ्यापुढचं जंगल लांबही पडतं. मी परत आले. त्या वर्षी मी आंबा खाल्ला नाही, सुधाकरनंही नाही. बिनआंब्याचा उन्हाळा किती मोठा असतो, ते तेव्हा कळलं.

मामाजी पुढच्या वर्षी पुन्हा आंबा वाहायला उभे राहिले, ते आजतागायत. आमच्या रविवारच्या पंगती चालू आहेत, दोन्ही बाप येतात, भांडतातसुद्धा, तांदूळ चांगला की ज्वारी यावर. कॅलेंडर दरवर्षी नवं येतं. लाल-हिरव्या पेनांनी सगळं भरलेलं असतं, फक्त एप्रिलच्या पानावर आम्ही काही लिहीत नाही. मुख्याध्यापकांना मी आता तोंडीच सांगते, आणि खरं कारण सांगते. पहिल्यांदा ते हसले होते. हल्ली तेच विचारतात, "मॅडम, कोय धरली का?"

गावात अजून रेंज नाही. एका टेकडीवर मोहाच्या झाडाखाली येते. मामाजी टेकडी चढून तिथून फोन करतात. यंदाचा फोन काल दुपारी आला, मी पेपर तपासत होते. धापेचा आवाज आधी आला, मग ते.

"झालं बाई."

"झालं? छान झालं, मामाजी."

"इवाईले सांगजा."

मी लगेच वरोऱ्याला फोन लावला. बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला. बाबांच्या विहिरीवरचं झाड यंदा लगडलं आहे, आई आठ दिवसांपासून म्हणते आहे, उन्हानं जीव चालला, एक पेलाभर पन्हं तरी करू द्या. बाबा करू देत नाहीत. त्या वर्षीपासून करू देत नाहीत. शेजारीपाजारी विचारतात, तर सांगतात, इवायाचं झाल्याशिवाय आमच्याकडं चालत नाई.

"झालं का?" बाबा म्हणाले.

"झालं, बाबा."

त्यांनी फोन तसाच हातात धरून आईला मोठ्यानं हाक मारली, "पावशी आण वं! झालं त्यायचं!" मी फोन ठेवला नाही. विळीच्या पात्यावर कैरी चिरल्याचा कर्रकन आवाज आला, आणि मग बाबांचा, हळू, जवळजवळ स्वतःशीच:

"थांब. पह्यला थेंब खाली सांडू दे."